उन्हाळा आणि शरीरांतील पहारेकरी



चैत्र-वैशाखांत जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांतून जाणाऱ्या प्रवाशास एक देखावा हटकून दिसतो. ओतूर, नारायणगांव, मंचर या बाजूंच्या शिवारांत भर दुपारीं कांद्याची काढणी चाललेली असते. डोकीवर पदर घेतलेल्या स्त्रिया ओणव्या होऊन कांदा उपटतात आणि विळ्यानें पात कापून ढीग लावतात. पारा ४० अंशांकडे झुकलेला असतो. बांधावरचा दगड तापतो, उन्हांत पडलेल्या विळ्याला हात लाववत नाहीं. परंतु त्या स्त्रीच्या शरीरांतील उष्णता सकाळीं होती त्याहून फार तर एखाद्या अंशानें चढते. निरोगी मनुष्याची ही आंतली उष्णता सुमारें ३७ अंश सेंटिग्रेड असते. दगड तापतो आणि मनुष्य तापत नाहीं, हें कसें घडतें आणि केव्हां बिघडतें, याचा आज थोडा विचार करूं.

सन १७७४ मध्यें लंडन येथें चार्ल्स ब्लॅग्डेन नांवाच्या वैद्यानें हा प्रश्न स्वतःच्या अंगावरच पडताळून पाहिला. भट्टीप्रमाणें तापविलेल्या कोरड्या खोलींत तो सोबत्यांसह शिरला. तेथें ठेवलेलीं अंडीं कठीण होईपर्यंत शिजलीं, मांसाचा तुकडा भाजून निघाला. पण माणसें मात्र आपल्या पायांनीं बाहेर आलीं, आणि त्यांच्या शरीराची उष्णता जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. हवा एकच होती. फरक इतकाच कीं, जिवंत शरीराला घाम येत होता.

या व्यवस्थेचा पहारेकरी मेंदूच्या तळाशीं बसलेला आहे. बदामाएवढ्या त्या भागास हायपोथॅलॅमस असें नांव आहे. आपल्यांतून वाहणाऱ्या रक्ताची उष्णता तो स्वतः जाणतो आणि कातडींतील मज्जातंतूंकडून बाहेरची वार्ताहि घेतो. रक्त किंचित् तापलें कीं त्याचे दोन हुकूम सुटतात. पहिला कातडीखालच्या रक्तवाहिन्यांना, कीं रुंद व्हा. मग आंतली उष्णता रक्ताबरोबर पृष्ठभागावर येते. उन्हांत चेहरा लाल होतो तो यामुळेंच. दुसरा हुकूम अंगभर पसरलेल्या वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथींना. भोंवतालची हवा कातडीहून, म्हणजे सुमारें ३५ अंशांहून, अधिक तापली कीं पहिला उपाय लंगडा पडतो. उलट हवाच शरीराला तापवूं लागते. मग सारी भिस्त घामावर राहते.

परंतु घाम येण्यानें शरीर थंड होत नाहीं. घाम वाळण्यानें होतें. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर तो सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेनें जवळजवळ सहा लिटर बर्फासारखें थंड पाणी उकळीस येईल. आपल्या घरचा माठ याच नियमानें पाणी गार करतो. आणि पावसाळ्यांत तोच माठ हें काम करीनासा होतो, कारण दमट हवेंत त्याच्या अंगचें पाणी वाळत नाहीं. मनुष्याचीहि नेमकी तीच गत होते.

कुकडी, मीना, घोड या नद्यांचें धरणांत अडविलेलें पाणी पाटांतून खेळूं लागल्यावर या भागांत उंसाचे मळे पसरले. उभ्या उंसांत दारें धरणाऱ्या गड्याला ऊन कमी लागतें, परंतु तेथें वारा शिरत नाहीं आणि ओल कोंडून राहते. त्याचा घाम वाळत नाहीं, नुसता गळतो. गळलेला घाम पाणी आणि मीठ नेतो. उष्णता नेत नाहीं.

म्हणून केवळ पाऱ्याचा आंकडा पाहून निर्धास्त राहूं नये. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंत खारघर येथें महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानावर झाला. पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. परंतु किनाऱ्याकडील दमट हवा, दाट गर्दी आणि तासन्‌तास डोक्यावर ऊन, असा योग जुळला. उष्माघातानें १४ माणसें दगावलीं.

शिवाय ही व्यवस्था फुकट चालत नाहीं. कातडीकडे वळविलेलें रक्त पुरविण्यासाठीं हृदयाला जास्त राबावें लागतें, आणि घामावाटे पाणी गेल्यानें तेंच रक्त कमी पडूं लागतें. वृद्ध, हृदयविकारी आणि लघवी वाढविणारीं औषधें घेणारे लोक यामुळें लवकर संकटांत येतात. शेतांत आडोसा नसल्यामुळें ज्या स्त्रिया जाणून पाणी कमी पितात, त्यांचाहि समावेश यांतच करावा. शरीराला उन्हाची संवय लागण्यास एक-दोन आठवडे लागतात; तेवढ्यांत घाम लवकर सुटूं लागतो आणि त्यांतील मीठ कमी होतें. यासाठीं नव्या मजुरास पहिले कांहीं दिवस निम्मेंच काम द्यावें.

सर्वांत घातक गोष्ट पुढेंच आहे. आंतली उष्णता ४० अंशांपलीकडे गेली कीं खुद्द मेंदूच बिघडूं लागतो. बोलणें असंबद्ध होतें, तोल जातो, मनुष्य चिडतो आणि "मला कांहीं झालें नाहीं" असें म्हणत पुन्हां कामाला लागतो. थांबण्याचा हुकूम ज्यानें द्यावयाचा, तोच भ्रमिष्ट होतो. अंगाला घाम आहे म्हणून धोका नाहीं, असेंहि समजूं नये. श्रमानें आलेल्या उष्माघातांत घाम पुष्कळदां वाहतच असतो.

अशा वेळीं तापाची गोळी देऊन भागत नाहीं. साध्या तापांत पहारेकरी स्वतःच उष्णतेची पातळी वर नेतो आणि गोळी त्याला ती खालीं आणावयास लावते. उष्माघातांत पातळी बदललेली नसते, पहारा मोडलेला असतो. म्हणून उष्णता बाहेरूनच काढली पाहिजे. रोग्यास सांवलींत न्यावें, कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी ओतीत राहून जोरानें वारा घालावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गाडी येईपर्यंत पाणी ओतणें थांबवूं नये. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या मनुष्याच्या तोंडांत पाणी घालूं नये; तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें.

शहरांतील कुटुंबांसहि हा धोका दूरचा नाहीं. पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलींत एकटे राहणारे आजोबा, दुपारीं दाराशीं येणारी भाजीवाली, जिने चढून ओझें आणणारा गडी, यांच्या बोलण्याचालण्याकडे लक्ष असूं द्यावें. ज्याचें डोकें उन्हानें फिरलें आहे त्याला तें स्वतःस कळत नाहीं; तें शेजारच्या शुद्धीवरील मनुष्यानेंच ओळखावें लागतें, आणि त्याचें न ऐकतां त्याला सांवलींत बसवावें लागतें.