साध्या खुर्चीचं चित्र संग्रहालयात कशासाठी? ते बघायचं कसं?

मोबाइलवर स्क्रोल करताना लाकडी खुर्चीचं जलरंगातलं चित्र दिसलं, तर बहुतेक जण पुढे सरकतात. ना माणूस, ना निसर्ग, नुसती खुर्ची! मग अमेरिकेच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने अशी चित्रं का जपली आहेत?

चित्रं आली कुठून?

महामंदीत अमेरिकेतल्या चित्रकारांचं काम गेलं. त्यांना रोजगार देणाऱ्या सरकारी योजनेत १९३५ मध्ये 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन' हा प्रकल्प सुरू झाला. काम एकच: जुन्या खुर्च्या, पेट्या, खेळणी, गोधड्या यांची हुबेहूब चित्रं काढायची. १९४२ पर्यंत सुमारे १८ हजार चित्रं झाली.

फोटो का नाही काढले?

रंगीत फोटोग्राफी तेव्हा नवखी होती. शिवाय लाकडाची शीर, कापडाचा पोत आणि खरा रंग चित्रकार एकाच कागदावर स्पष्ट दाखवू शकत होता.

चित्रात काय बघायचं?

• उजेड: पारदर्शक जलरंगात चकाकणारा भाग बहुधा कोरा सोडलेला कागद असतो. तिथे एकदा रंग लागला की तो पांढरेपणा परत आणणं अवघड.
• झीज: हाताचा दांडा गुळगुळीत झालाय का, रंग कुठे उडालाय? वस्तू कशी वापरली, हे तिथे कळतं.
• जोड: पाय आणि आडवी पट्टी कुठे मिळतात? सुताराचं कसब तिथेच दिसतं.
• सावली: पार्श्वभूमी रिकामी असते, तेव्हा छोटीशी सावलीच वस्तूला जमिनीवर उभी करते.

आपल्याकडचं काय?

या संग्रहात शेकर पंथाच्या साध्या खुर्च्याही आहेत. त्यांची बैठक अनेकदा सुती पट्ट्यांनी विणलेली असायची, अगदी आपल्या नवारीच्या बाजेसारखी. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीत बाजेवर झोपलेल्या माणसाला त्या चित्रातली वीण समजावून सांगावी लागणार नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरगुती वस्तू जपल्या आहेत. पण प्रत्येक घरची बाज संग्रहालयात जाऊ शकत नाही. ती मोडते, चुलीत जाते आणि तिची वीणही विसरली जाते. घरात जुनी बाज किंवा पाट असेल, तर मुलांच्या रंगपेटीने त्याचं एक चित्र काढा. खाली लांबी-रुंदी, लाकूड कोणतं आणि वीण कुणी घातली, एवढं लिहा. तीच त्या वस्तूची नोंद.