जुनी सवय आणि नवे विमान

मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड आणि हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, हे पांढुर्णा-सौसरच्या मुलांना सांगायला नको. शब्द ओळखीचा असतो, म्हणूनच चूक होते. हजारो तास उड्डाण केलेल्या वैमानिकालाही नवे विमान शिकताना हीच अडचण येते.

इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या बोइंग ७३७ विमानांत वैमानिक इंजिनाची शक्ती हाताने दांडा सरकवून कमी-जास्त करीत. दांडा कुठे आहे त्यावरून शक्तीचा अंदाज येई. १९८९ मध्ये एअरबस ए-३२० विमाने आली. यात संगणक शक्ती बदलतो, पण दांडा जागचा हलत नाही. शक्ती किती, हे पडद्यावरच पाहावे लागते.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगलोरला उतरताना अशा एका विमानाची इंजिने अगदी मंद चालत राहिली आणि वेग घटत गेला. हाताखालचा दांडा मात्र स्थिरच होता. वैमानिकांनी शक्ती वाढवली, पण फार उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. १४६ पैकी ९२ जण मृत्युमुखी पडले.

म्हणूनच विमानाचा प्रकार बदलला की अनुभवी वैमानिकही पुन्हा वर्गात बसतो, सिम्युलेटरवर सराव करतो, परीक्षा देतो. नवे बटण लवकर पाठ होते. घाईच्या क्षणी जुन्या सवयीला आवरणे कठीण असते.

मित्रांनो, जे ओळखीचे वाटते, ते एकदा अधिक नीट पाहावे.