खूणचिठ्ठी खरी, मजकूर खोटा

ई-मेलवर पाठविणाराचा पत्ता खरा दिसला, म्हणजे पत्रही खरे, असा सर्वसाधारण समज आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आलेल्या एका लबाडीने तो फोल ठरविला.

पैशांची देवघेव करणाऱ्या पेपाल या अमेरिकन कंपनीकडे खातेदाराने नवा पत्ता नोंदविला, की तशी सूचना त्यास आपोआप धाडली जाते. भामट्यांनी स्वतः खाते उघडून पत्त्याच्या रकान्यातच भलता मजकूर भरला: आपण महागडा मॅकबुक संगणक खरेदी केला आहे, केला नसल्यास अमुक क्रमांकावर दूरध्वनी करावा. रकान्यात एवढा मजकूर मावत होता, हीच मुख्य उणीव होय. कंपनीच्या यंत्रणेने तो जसाच्या तसा सूचनापत्रात उतरविला. भामट्यांच्या पेटीत आलेले हे पत्र तेथून अनेकांकडे वळविण्यात आले. ते मुळात कंपनीचेच असल्याने टपाल पारखणारी यंत्रणाही फसली. प्रमाणित बियाण्याच्या खऱ्या खूणचिठ्ठीच्या पिशवीत निकस बी भरावे, तसाच हा प्रकार!

घाबरून दूरध्वनी करणारास एक प्रणाली संगणकात उतरवून घेण्यास सांगण्यात येई व तिच्यायोगे संगणकाचा ताबा भामट्यांकडे जाई.

शेतकरी बांधवांनी अशा कोणत्याही पत्रातील क्रमांकावर बोलू नये. कंपनीचे संकेतस्थळ स्वतः उघडून आपले खाते पाहावे. तेथे तशी खरेदी नसल्यास पत्र काढून टाकावे. पैसे गेलेच असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. विलंब जितका कमी, तितकी रक्कम वाटेतच थोपविली जाण्याची शक्यता अधिक.