वंशवृक्षाचे गणित आणि सुरतेजवळची खाण

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात पहिल्याने १६६४ हे साल उभे राहते. आज मी ज्या सुरतेविषयी बोलणार आहे ती मात्र मोगलांच्या बंदराची आणि सावकारी पेढ्यांची सुरत नव्हे. शहराच्या ईशान्येस मांगरोळ तालुक्यात वस्तान नावाचे गाव आहे. तेथे लिग्नाइट जातीचा कोळसा उघड्या खाणीतून काढण्यात आला व जवळच नानी नरोलीच्या वीजकेंद्रात जाळण्यात आला. या कोळशाच्या थरांमध्ये जी चिकणमाती दबलेली होती, तिचे वय सुमारे साडेपाच कोटी वर्षे. २००४ साली त्या मातीत सस्तन प्राण्यांचे दात व हाडे मिळू लागली. वटवाघळे निघाली, माकडांच्या आद्य नातलगांचे जबडे निघाले, आणि मेंढीएवढ्या एका खूरधारी प्राण्याचे अवशेष तर इतके निघाले की पुढील दहा वर्षांत त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. सुनील बाजपेयी व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली या प्राण्याचे नाव ठेवले कॅम्बेथेरियम, म्हणजे खंबायतचा पशू.

हा पशू कोणाचा कोण, हा प्रश्न सोपा वाटतो. घोडा, गेंडा आणि टॅपिर हे तिघे एका गणातले. त्यांच्या पायाचा भार मधल्या बोटावर पडतो. कॅम्बेथेरियमचे दात, माकडहाडावरचे मणके आणि हातापायांची हाडे या तिघांची आठवण करून देतात, पण पुरतेपणी त्यांच्यासारखी नाहीत. मग त्याला घोड्याचा पूर्वज म्हणावे, चुलता म्हणावे की केवळ सारखा दिसणारा परका म्हणावे? या उत्तरावर एक मोठी गोष्ट अवलंबून आहे. हिंदुस्थानची भूमी त्या काळाच्या आधी कोट्यवधी वर्षे समुद्रात एकटी उत्तरेकडे सरकत होती. त्या एकाकी भूमीवर घोड्या-गेंड्यांचे कूळ जन्मले आणि आशियाशी गाठ पडल्यावर जगभर पसरले, अशी कल्पना क्राउझ आणि मास यांनी १९९० मध्ये मांडली होती. तेव्हा हाती पुरावा काहीच नव्हता.

सारखेपणा पाहून नाते ठरवावे, असे कोणीही म्हणेल. परंतु सारखेपणा हा फसवा साक्षीदार आहे. दक्षिण अमेरिकेत थोआथेरियम नावाचा एक प्राणी होऊन गेला. त्याचा पाय घोड्याप्रमाणेच एका बोटावर आलेला होता. तरी तो घोडा नव्हे, आणि एका खुरापर्यंत तो स्वतंत्र वाटेने पोहोचला होता.

या अडचणीचा उलगडा मराठी वाचकाला पोथ्यांच्या उदाहरणाने चांगला होईल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये पुरे झाले. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर. ते केंब्रिजला शिकले ते गणित, आणि संस्कृत विद्येकडे वळले ते त्यानंतर बर्लिनला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पोथी लिहिणारा चुकतो, आणि त्याच्या पोथीवरून नक्कल करणारा ती चूक इमानाने पुढे नेतो. दोन पोथ्यांत शुद्ध शब्द सारखा असला तर त्यावरून त्यांचे जवळचे नाते सिद्ध होत नाही, कारण तो मूळ ग्रंथातूनच दोघींकडे आलेला असेल. पण दोघींत एकच विचित्र चूक असेल, तर त्या एका घरच्या असाव्यात असा संशय घ्यावा. जीवशास्त्रात हेच तत्त्व विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० च्या आपल्या ग्रंथात मांडले: जुना सारखेपणा सोडून द्या, मागाहून आलेला नवा बदल कोणकोणांत समान आहे तेवढेच पाहा.

आता गणिताकडे वळू. तीन प्राणी घेतले तर त्यांचे वंशवृक्ष तीनच प्रकारे काढता येतात: पहिला व दुसरा जवळचे, किंवा दुसरा व तिसरा, किंवा पहिला व तिसरा. चौथा प्राणी जोडावयाचा झाला तर तो त्या प्रत्येक वृक्षावर पाच ठिकाणी चिकटवता येतो. म्हणजे वृक्ष झाले पंधरा. पाचव्यासाठी सात जागा, वृक्ष १०५. सहाव्यासाठी नऊ, वृक्ष ९४५. येथपर्यंत आपण कागद घेऊन बसू शकतो. दहा प्राणी झाले की ही संख्या ३,४४,५९,४२५ होते. सेकंदाला एक वृक्ष याप्रमाणे कोणी अहोरात्र तपासत बसला तर त्याला एक वर्षाहून महिनाभर अधिक लागेल. वीस प्राण्यांचे वृक्ष लिहावयाचे तर ८२ या आकड्यापुढे जवळजवळ वीस शून्ये द्यावी लागतात. विश्वाच्या आरंभापासून आजवर सेकंदाला दहा हजार वृक्ष तपासले असते, तरी आपण निम्म्याच्या थोडे पुढे आलो असतो. आणि खरी कामे वीस प्राण्यांवर थांबत नाहीत.

तेव्हा सगळे वृक्ष पाहणे अशक्य. शिवाय पाहिलेल्या वृक्षांतला चांगला कोणता, हे ठरवावयास कसोटी हवी. पहिली कसोटी काटकसरीची. ज्या वृक्षावर कमीत कमी बदल मानून सर्व प्राण्यांची लक्षणे समजावून देता येतात, तो वृक्ष पत्करावा. एका वृक्षावर किमान किती बदल लागतात हे मोजण्याची सुबक रीत वॉल्टर फिच यांनी १९७१ मध्ये दिली. ती शाळकरी मुलालाही शिकवता येईल. पण सर्वांत काटकसरी वृक्ष हमखास शोधून काढणे ही गोष्ट वेगळी. तो प्रश्न अशा कठीण जातीचा आहे की त्याचे उत्तर सदैव लवकर देईल अशी रीत आजपर्यंत कोणाला सापडलेली नाही. फौल्ड्स आणि ग्रॅहॅम यांनी १९८२ मध्ये त्याची ही जात सिद्ध केली. म्हणून संगणक चांगल्या वृक्षापासून निघून फांद्या इकडच्या तिकडे लावीत अधिक चांगला वृक्ष हुडकतो, आणि याहून चांगला कोठे दडलेला नाहीच अशी शपथ घेत नाही.

काटकसरीवर याहून मोठा घाव १९७८ साली जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी घातला. समजा, दोन लांबच्या कुळांत बदल फार वेगाने होत आहेत. पुष्कळ बदल झाले की त्यांतले काही योगायोगाने सारखे होणारच. काटकसरीची कसोटी त्या योगायोगाला नाते समजते आणि दोन्ही वेगवान कुळे एकत्र बांधते. यातली भयंकर गोष्ट अशी की पुरावा वाढवला म्हणून चूक दुरुस्त होत नाही. उलट चुकीच्या उत्तराविषयीची खात्री वाढत जाते. व्यवहारात आपण समजतो की साक्षीदार जितके अधिक तितके सत्य जवळ. येथे तसे नाही. यावर तोड म्हणून संभाव्यतेच्या गणिताचा आधार घेण्यात आला: प्रत्येक फांदीवर बदलाचा वेग किती हे धरून, हाती आलेली लक्षणे कोणत्या वृक्षावर सर्वांत संभवनीय ठरतात ते काढावयाचे. अर्थात वेगाविषयी धरलेले गृहीतच चुकले, तर उत्तरही चुकू शकते.

अशा प्रश्नांसाठी गणिती आणि जीवशास्त्रज्ञ एकत्र बसू लागले आहेत. केंब्रिजच्या न्यूटन गणित संस्थेत २००७ च्या अखेरीस याच एका विषयावर काही महिने चाललेले मोठे अभ्याससत्र झाले. टास्मानियात होबार्टच्या विद्यापीठात भरणाऱ्या छोट्या संमेलनाने तर आपले नावच फायलोमेनिया, म्हणजे वंशवृक्षांचे वेड, असे ठेवले आहे. अशा ठिकाणी फळ्यावर हाड क्वचितच दिसते. दिसतात त्या रेघा, बिंदू आणि असमीकरणे. वंशावळ वृक्षासारखी असतेच काय, हाही तेथे वादाचा विषय असतो, कारण वनस्पतींत संकर होतात, जंतू एकमेकांना जनुके देतात, आणि मग फांद्या फुटतात तशा जुळतातही. सुकथनकरांना हे दुखणे पोथ्यांत आधीच भेटले होते. लेखक एकाच पोथीवरून नक्कल करीत नसे. शेजारची दुसरी पोथी पाहून तिचे पाठही घेत असे. म्हणून महाभारताच्या पोथ्यांचा शुद्ध वृक्ष काढता येत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले. अलीकडे त्याच पाठभेदांवर जीवशास्त्रातील संगणकीय रीत लावून पाहण्यात आली आहे.

आता पुन्हा खाणीत येऊ. केनेथ रोझ आणि त्यांचे भारतीय व बेल्जियन सहकारी यांनी २०१४ मध्ये कॅम्बेथेरियमची लक्षणे इतर अनेक प्राण्यांच्या लक्षणांशेजारी मांडून वृक्ष काढला. त्यात हा पशू घोडा, गेंडा व टॅपिर यांच्या समाईक खोडाला लागून निघालेली शेजारची फांदी ठरला. पूर्वज नव्हे, चुलता. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने भारत-पाकिस्तानातील अँथ्राकोब्युनिड नावाच्या प्राण्यांना, ज्यांना पूर्वी हत्तीचे नातलग समजत, उचलून याच खोडाजवळ आणून बसवले. एका फांदीची जागा बदलली आणि हत्तीचा इतिहास घोड्याकडे गेला.

मला स्वतःला या निर्णयातील बेरजेपेक्षा वजाबाकी अधिक मोलाची वाटते. घोड्या-गेंड्यांच्या गणाचे निश्चित सभासद युरोप व उत्तर अमेरिकेत सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अचानक दिसू लागतात. कॅम्बेथेरियम त्यानंतरचा. चुलता पुतण्याहून लहान, असे घरात होते, तसेच हे. पण दोन शेजारच्या फांद्या एकाच क्षणी फुटतात, हा वृक्षाचा नियम आहे; पुतण्या ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असेल तर चुलत्याची शाखाही तेव्हा कोठेतरी असलीच पाहिजे. ती कोठे होती हे वृक्ष सांगत नाही. रोझ यांचे मत ती भारतात किंवा भारताजवळ होती असे आहे. याच्या उलट दिशेची साक्षही त्याच खाणीने दिली आहे. वस्तानच्या राळेत अडकलेल्या सातशेंहून अधिक कीटकादी जीवांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. भूमी एकाकी होती तर तिचे कीटक आगळे निघावयास हवे होते. परंतु त्यांतल्या अनेकांचे सगेसोयरे युरोपात व इतरत्र सापडले. म्हणजे त्या काळापर्यंत ये-जा सुरू झालेली होती, मग चुलता येथलाच की बाहेरून आलेला, हा वाद उरतो.

दक्खनचे लाव्हाचे खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. त्यांच्या आणि पाश्चात्य घोड्यांच्या मधला एक कोटी वर्षांचा काळ भारतात खूरधारी प्राण्यांच्या बाबतीत जवळजवळ कोरा आहे. त्या काळातल्या थरातून अशा प्राण्याची एक दाढ जरी निघाली, तरी तिच्यावरचे उंचवटे व कंगोरे मोजून तिला वृक्षावर बसवता येईल, आणि ही फांदी कोणत्या भूमीवर फुटली याविषयी आज जे अनुमान आहे त्याची परीक्षा होईल.