एका लेन्सला ४२२ क्विंटल धान!

सोशल मीडियावर वाघाचा झकास फोटो दिसला की खाली एक प्रश्न ठरलेला असतो, 'भाऊ, कॅमेरा कोणता?' उत्तर आलं की विचारणारा गप्प. कारण मोठमोठे वन्यजीव छायाचित्रकार वापरतात त्या ६०० एमएम एफ/४ लेन्सची किंमत आज दहा लाखांच्या पुढे आहे. कॅमेऱ्याची बॉडी वेगळी!

आमच्या आंधळगावच्या भाषेत हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे दहा लाखांसाठी साधारण ४२२ क्विंटल धान विकावं लागेल. एकरी वीस क्विंटल धरलं तरी एकवीस एकरांचं अख्खं पीक! कोसा विणणाऱ्या आणि धान पिकवणाऱ्या गावात हा छंद घरी सांगायचा तरी कसा?

जंगल मात्र दारात आहे. कोका अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात. भंडारा-गोंदियातला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. जंगल इथलं, पण त्याचे फोटो काढणार फक्त बाहेरून येणारे, असंच चालायचं का?

एवढे पैसे कशाचे?

नुसत्या 'झूम'चे नाहीत. जास्तीचे पैसे जातात उजेडासाठी. जनावरं दिसतात ती बहुतेक पहाटे नाहीतर सांजवेळी, तेही झाडांच्या सावलीत. तिथे उजेड गोळा करायला मोठी काच लागते. गणित सोपं आहे. ६०० ला ४ ने भागा, उत्तर १५० मिलिमीटर. म्हणजे लेन्सचं तोंड जवळपास अर्धा फूट रुंद! एवढी मोठी, निर्दोष काच घडवणं अवघड आणि घेणारे मोजके. म्हणून किंमत आभाळाला भिडते.

कॅननने २०२० मध्ये ६०० एमएम एफ/११ लेन्स आणली. तिची किंमत लाखाच्या आत. लांबचं तेवढंच जवळ दिसतं, पण उजेड एफ/४ च्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा. भर उन्हात ती मस्त चालते. दिवस कलला की फोटोत दाणे दिसू लागतात. स्वस्त लेन्स वाईट नसते. तिची वेळ आपण ओळखायची असते.

खिशात काय बसतं?

नवशिक्यांसाठी पहिला पर्याय म्हणजे ब्रिज कॅमेरा. निकॉनच्या पी९५० मध्ये ८३ पट झूम आहे आणि वेगळी लेन्स घ्यावी लागत नाही. दुसरा पर्याय वापरलेला डीएसएलआर. कंपन्या आता मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्यात, त्यामुळे जुने चांगले डीएसएलआर बरेच स्वस्तात मिळतात. सोबत ७०-३०० एमएम लेन्स असली की छोट्या सेन्सरवर तिचा आवाका साधारण ४५० एमएमसारखा होतो. पुढची पायरी सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० एमएम.

नागपूरसारख्या शहरात लेन्स दिवसाच्या भाड्यानेही मिळते. वर्षातून दोनदा सफारी करणाऱ्याने लाखोंची लेन्स घरी ठेवायची कशाला? जिप्सीचा खर्च वाटून घेता, तसं चौघांनी मिळून भाडंही वाटून घ्यावं. ईएमआयच्या जाहिरातींपासून मात्र जपून. हप्ता दर महिन्याला येतो, वाघ येत नाही.

ट्रायपॉडचा खर्चही सुरुवातीला टाळता येतो. जाड कापडाची पिशवी शिवा, तांदूळ भरा आणि जिप्सीच्या कडेवर ठेवा. लेन्स हलत नाही.

आपल्याकडे असलेली लेन्स

छोट्या लेन्सवाल्याला जवळ जावं लागतं. इथे आपली बाजू भक्कम आहे. जिल्हाभर मालगुजारी तलाव आणि बोड्या पसरल्यात. हळदीकुंकू बदक, खंड्या, वंचक, शेकाट्या रोज नजरेला पडतात. धानाच्या बांधीत काम करणाऱ्या माणसांची त्यांना सवय असते. धुऱ्यावर तासभर गुपचूप बसलं की पक्षी स्वतःच जवळ येतात. बाहेरून येणाऱ्याच्या हाती दोन दिवस असतात, आपल्या हाती अख्खं वर्ष. हा वेळ कुठल्याही दुकानात मिळत नाही.

पण 'जवळ' म्हणजे किती, हेही ठरवायला हवं. लेन्स कमी पडते म्हणून घरट्यापाशी जाणं, पक्षी उडवून 'अ‍ॅक्शन' मिळवणं, हे साफ चूक. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस आज मुख्यत्वे गोंदिया आणि भंडाऱ्यात आहेत, त्यातही आपल्या जिल्ह्यात अगदी मोजके. सारस पाणथळीत, धानाच्या शेतातही घरटं करतो. माणसाच्या भीतीने जोडी अंड्यांवरून उठली, तर कावळे टपलेलेच असतात. अशा वेळी दुरून आलेला धूसर फोटोच चांगला. तारीख आणि ठिकाणाची नोंद करून तो वनविभागाला किंवा पक्षी अभ्यासकांना दिला, तर तोही कामाचा पुरावा ठरतो.

वापरलेलं घेताना

• शटर काउंट विचारा. जुन्या गाडीचे किलोमीटर बघतो तसंच हे.
• लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. घेऊ नका.
• पक्कं बिल मागा. २०१९ च्या सुरुवातीला डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरीही बिनबिलाचा माल 'स्वस्त' म्हणून गळ्यात मारला जातो, मग वॉरंटी मिळत नाही.
• पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

दहा लाखांची लेन्स कधी येईल तेव्हा येईल. तोवर गावच्या तलावावरचे वर्षभराचे पक्षी, महिन्यागणिक, एकाच जागेवरून टिपून बघा. असा अल्बम दहा लाख देऊनही दोन दिवसांत कुणाला जमणार नाही.