दोन आकड्यांची थाप

वर्ध्यात बजाज चौकाजवळच्या एखाद्या एटीएममध्ये तुम्ही कार्ड घालता, पिन दाबता आणि काही सेकंदांत नोटा हातात येतात. त्या सेकंदांत केवढी धावपळ होते! यंत्र विचारतं: अमुक कार्ड, अमुक रक्कम, देऊ का? हा निरोप बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या संगणकाकडे जातो, तिथून मुख्य खातेप्रणालीकडे. शिल्लक तपासली जाते आणि उत्तर आल्या वाटेने परततं. त्या उत्तराचा जीव किती? दोन आकडे. 00 म्हणजे द्या. 51 म्हणजे खात्यात तेवढे पैसे नाहीत. या निरोपांची ठरीव भाषा आहे आयएसओ 8583, आणि ती 1987 सालची आहे!

आता पुण्याला चला. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावाची बनावट कार्डं 28 देशांतल्या एटीएममध्ये सरकवली गेली. काही तासांत, सुमारे 12 हजार व्यवहारांत, 78 कोटी रुपये निघाले. देशातूनही अडीच कोटी गेले. सोमवारी ‘स्विफ्ट’ या बँकांच्या निरोपजाळ्यामार्गे आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगला. आणि नवल पाहा, खातेदारांच्या शिल्लकेला धक्काही लागला नव्हता!

हे कसं शक्य आहे? चोरांनी तिजोरी फोडलीच नाही. त्यांनी वाट अडवली. पोस्टमननेच पत्र मध्ये दाबून ठेवावं आणि घरमालकाच्या सहीने ‘हो’ असं उत्तर धाडावं, तसं. खोटा स्विच एटीएमला परस्पर 00 कळवत राहिला. खातेप्रणालीपर्यंत प्रश्न पोचलाच नाही, मग कुणाच्या खात्यातून वजा काय होणार?

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने 2019 मध्ये या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. त्याआधीच, 2018 च्या अखेरीस, अशाच हल्ल्यांमागच्या ‘फास्टकॅश’ या प्रोग्रामचा संशोधकांनी उलगडा केला होता. चोर प्रोग्रामचा मूळ मजकूर मागे ठेवत नाही. हाती लागतात फक्त यंत्राला कळणाऱ्या आज्ञा. त्या एकेक वाचत जायचं आणि त्यातून चोराचा बेत ओळखायचा! तिथे संशोधकांना दिसलं, की प्रोग्राम येणारा प्रत्येक कार्डक्रमांक न्याहाळतो. आपल्या टोळीचा निघाला तरच थाप मारतो, बाकी सगळ्यांना मुकाट पुढे जाऊ देतो. म्हणून तर कुणाला सुगावा लागत नाही. मला या साऱ्यात सर्वांत थक्क करतो तो हा संयम.

आजार कळला, तसं औषधही सुचलं. बँकेच्या उत्तराला गणिती मोहोर लावा. ती गुप्त किल्लीशिवाय उमटवता येत नाही, म्हणून नुसतं 00 पुरे पडत नाही. मोहोर जुळली नाही, की उत्तर रद्द.

पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये 11 जणांना दोषी ठरवलं. त्याआधी, 31 डिसेंबर 2019 रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे चार स्तर आखून दिले. बँक डिजिटल व्यवहारांत जितकी खोल शिरलेली, तितके तिचे नियम कडक. तुम्ही नागरी सहकारी बँकेचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत उभे राहून विचारा: आपली बँक कोणत्या स्तरात आहे, आणि त्या स्तराचे सगळे नियम पाळले जातात का?