‘वाई’ची लांबी किती?

‘मराठी नीट मोजणं संगणकाला जमत नाही’ हे वाक्य ऐकून कान किटले. वाई-साताऱ्याकडची अभियांत्रिकीची मुलं प्रोजेक्टसाठी गावांची यादी घेतात आणि पायथनला ‘वाई’ या नावाची लांबी विचारतात. उत्तर येतं ३. अक्षरं तर दोनच दिसतात, वा आणि ई. मग निकाल तयारच असतो: यंत्र चुकलं, युनिकोड इंग्रजीवाल्यांसाठी बनलं आहे, तेव्हा गावांची नावं रोमन लिपीत साठवा. हा शेवटचा सल्ला तर मोठी माणसंही देतात, आणि तिथे माझा संयम सुटतो.

यंत्र चुकलेलं नाही. ‘वाई’ साठवताना युनिकोडमध्ये तीन खुणा पडतात: व, काना आणि ई. यातल्या प्रत्येक खुणेला कोड पॉइंट म्हणतात. पायथनची ‘लेन’ कोड पॉइंट मोजते, म्हणून ३. हीच स्ट्रिंग गो, रस्ट किंवा पीएचपीच्या साध्या लांबी-फंक्शनला द्या, उत्तर येईल ९. त्या भाषा बाइट मोजतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. स्विफ्टला विचाराल तर २, कारण तिथे वाचणाऱ्याला एकसंध दिसणारा पुंजका मोजतात. त्याला ग्राफीम क्लस्टर असं नाव आहे, पण आपल्यासाठी ‘अक्षर’ म्हटलं तरी चालेल. जावा आणि जावास्क्रिप्ट सोळा-बिटी एकक मोजतात. देवनागरीत ते कोड पॉइंटाइतकंच भरतं, म्हणून त्यांचंही उत्तर ३ येतं.

म्हणजे २, ३ आणि ९, तिन्ही उत्तरं बरोबर. सांगलीच्या हळद बाजारात कोणी नुसतं ‘शंभर’ म्हणालं तर समोरचा आधी विचारतो, पोती की क्विंटल? लांबीच्या आकड्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, याचं कारण डॉक्युमेंटेशनमध्ये आहे.

वर्षानुवर्षं असंख्य मॅन्युअल्समध्ये आणि त्यांवरून उतरवलेल्या क्लासच्या नोट्समध्ये लांबीच्या फंक्शनपुढे एकच ओळ असते: स्ट्रिंगमधल्या कॅरेक्टर्सची संख्या देते. कॅरेक्टर म्हणजे बाइट, कोड पॉइंट की वाचकाला दिसणारं अक्षर, याचा पत्ता नाही. साध्या इंग्रजी मजकुरात तिन्ही आकडे एकच येतात, त्यामुळे लिहिणाऱ्याला ही ओळ ढिली आहे हे जाणवलंच नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी बऱ्याच लोकांना हा घोळ दिसला तो इमोजी आल्यावर! काना-वेलांटी कितीतरी वर्षं ओरडत होती, तिकडे लक्ष कोणाचं?

सगळ्यांना एकाच काठीने हाकू नये हेही खरं. पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये ‘स्ट्रलेन’ बाइट मोजते, कॅरेक्टर नव्हे, अशी स्पष्ट सूचना आहे. पायथनचं डॉक्युमेंटेशन सांगतं की स्ट्रिंग ही युनिकोड कोड पॉइंटांची मालिका असते. मात्र ते वाक्य एका पानावर आणि ‘लेन’ची नोंद दुसऱ्या पानावर. शिकणारा दुसरंच पान उघडतो. रस्टच्या अधिकृत पुस्तकात तर ‘नमस्ते’ हा देवनागरी शब्द घेऊन १८ बाइट, ६ कोड पॉइंट आणि ४ पुंजके असा हिशेब मांडला गेला. असं उदाहरण देणाऱ्यांना मनापासून शाबासकी. पण गंमत अशी की ‘स्ते’ आपण एक अक्षर धरतो आणि तिथे ‘स्’ वेगळा मोजला होता. त्या वेळच्या युनिकोड नियमानुसार ते बरोबरच होतं. सप्टेंबर २०२३मध्ये युनिकोड १५.१ आलं आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं न तोडण्याचा नियम झाला. त्यामुळे नव्या हिशेबाने ‘नमस्ते’चे पुंजके ३ आणि ‘विश्वकोश’चे पाचावरून ४ झाले. म्हणून पुंजके मोजणाऱ्या फंक्शनच्या नोंदीत नुसतं एकक लिहून भागत नाही, युनिकोडची आवृत्तीही लिहावी लागते.

हा कीस काढण्याची गरज काय, असं वाटत असेल तर महाबळेश्वर घ्या. वाचकाला सहा अक्षरं दिसतात, कोड पॉइंट १० आणि यूटीएफ-८ मध्ये बाइट ३०. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी २० ठेवली आणि एकक सांगितलं नाही, तर मूळ सेटिंगमध्ये ते २० बाइट धरले जातात. महाबळेश्वर त्यात मावत नाही, एरर येते. मायएसक्यूएलमध्ये तोच २० आकडा कोड पॉइंटांचा असतो आणि गाव आरामात बसतं. मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० खुणांतच संपतो, तोही याच हिशेबामुळे: संदेशाची जागा १४० बाइट आणि तिथे मराठीची प्रत्येक खूण दोन बाइटांची. किंवा जागा वाचवायला ‘कृष्णा’ची पहिली चार कॅरेक्टर्स कापून घ्या, हातात येतं ‘कृष्’. नदीचा पाय मोडला!

दुसरा गैरसमज याचाच भाऊ: अक्षर आहे की नाही हे तपासणारं फंक्शन मराठीवर चालतं. पायथनच्या ‘इझअल्फा’ला ‘वाई’ द्या, उत्तर ‘नाही’ येईल. युनिकोडच्या वर्गवारीत काना हे लेटर नसून चिन्ह आहे आणि हे फंक्शन फक्त लेटर मानतं. डॉक्युमेंटेशनमध्ये ते दिलेलं आहे, पण कोरड्या संज्ञांमध्ये, एकाही देवनागरी उदाहरणाविना. मग एखाद्या फॉर्ममध्ये ‘कृपया फक्त अक्षरे लिहा’ अशी लाल ओळ येते आणि वाईचा माणूस आपलं गाव पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्द ओळखणारी जी खूण आहे, तिचंही तेच. ‘सातारा’ दिलं की स, त, र असे तीन ‘शब्द’ मिळतात. जुन्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं होतं की ही खूण कुठल्याही भाषेच्या शब्दात येणारी बहुतेक कॅरेक्टर्स ओळखते. आता तिथे नेमका निकष दिला आहे. वागणूक तीच राहिली, वर्णन मात्र खरं झालं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मराठी अंक यंत्राला कळत नाहीत? पायथनला ‘४१२८०३’ हा वाईचा पिनकोड देवनागरीत द्या, तो बिनतक्रार संख्या करून देतो, जावास्क्रिप्ट मात्र नाही म्हणते. सॉर्ट केलं की मराठी वर्णक्रम मिळतो? नाही. साधं सॉर्ट कोडच्या क्रमाने चालतं आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, तर आपल्या वर्णमालेत ह नंतर. दिसायला सारखं ते सारखंच? ‘साताऱ्यात’ मधला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. पडद्यावर फरक दिसत नाही, तुलना केली की ‘वेगळे’ असं उत्तर येतं आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्या दोघांना एक करत नाही. युनिकोड म्हणजे फाँट? नाही, नाही आणि नाही.

वाई हे संदर्भग्रंथाचं गाव आहे. मराठी विश्वकोशाचं काम इथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभं राहिलं आणि पहिला खंड १९७६मध्ये निघाला. नोंद म्हणजे काय हे इथे वेगळं शिकवायला नको. लांबीच्या फंक्शनची नोंद मी अशी लिहीन: ‘कोड पॉइंटांची संख्या देते. “वाई” दिल्यास ३. जागेचा हिशेब करायचा असेल तर बाइट मोजा, ते ९ येतील. वाचकाला दिसणारी अक्षरं हवी असतील तर ग्राफीम मोजणारं फंक्शन वापरा, त्याचं उत्तर २.’ चार वाक्यं. कापणारं, उलटं करणारं, तुलना करणारं अशा प्रत्येक स्ट्रिंग-फंक्शनच्या नोंदीत एक देवनागरी उदाहरण आणि जोडाक्षर तुटतं की नाही याची एक ओळ असायला हवी.

पायथन, रस्ट, पीएचपी या सगळ्यांचं डॉक्युमेंटेशन खुलं आहे. कोणीही दुरुस्ती सुचवू शकतं, त्यासाठी मोठा प्रोग्रामर असावं लागत नाही. पुढच्या वेळी लांबीचं उत्तर खटकलं तर यंत्राला नावं ठेवू नका. त्या फंक्शनची नोंद उघडा, एकक लिहिलं आहे का ते पाहा, आणि नसेल तर आपल्या गावाचं नाव उदाहरण म्हणून घालून दुरुस्ती पाठवा.